तारबाबू टेंभुर्णीकरांची खरखर

दीनानाथराव टेंभुर्णीकर मला प्रथम दिसले ते खालून. ते वर होते, मी जमिनीवर होतो आणि आमच्या दोघांच्या मध्ये साठ हात बांबू होता. पुढे त्यांच्या पत्नी रमाबाईंनी हा आकडा वीस हातांवर आणला. पण त्या वेळी त्या स्वयंपाकघरात होत्या आणि मी खांबाच्या बुडाशी होतो, तेव्हा माझाच आकडा जास्त विश्वासाचा आहे.

१९३९च्या मार्चात मी मेहकरहून मास्तरकी करायला निजामाच्या मुलखात, जुन्या जालन्यात आलो होतो. बिऱ्हाड शोधत एका बोळात शिरलो तर पुढे रस्ताच संपला. अर्धं गाव माना वर करून उभं होतं. एका गोठ्याच्या मागे तीन बांबू एकाला एक बांधून खांब उभा केला होता आणि त्याच्या टोकाला धोतराचा काचा मारलेले एक सडपातळ गृहस्थ, वेलीवर पडवळ लोंबावं तसे लोंबत होते. कोणी म्हणत होतं, पतंग अडकलाय. कोणी म्हणत होतं, बाबूचं घरात वाजलंय. एका म्हाताऱ्याचं मत असं पडलं की तिथून मनमाडची गाडी कुठवर आली ते दिसतं.

खांबाला धरून ठेवणारा दोर ज्याच्या हातात होता तो इसम माझ्याकडे वळून म्हणाला, "पाव्हणं, जरा धरा, पान खाऊन येतो." मी धरला. त्या दिवसापासून मी रस्त्यात कोणाचं काहीही धरत नाही.

वरचे गृहस्थ मला काही तरी ओरडून सांगू लागले. पण त्यांच्या दातांत तांब्याच्या तारेचं टोक होतं, त्यामुळे खाली येईपर्यंत शब्दाचा नुसता सांगाडा उरत होता. "ओआ! ओआ!" मी मराठीचा मास्तर. गाळलेली अक्षरं भरा, हा माझा रोजचा धंदा. मी "सोडा" असं भरलं आणि दोर सोडला.

खांब पडायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही, पण त्या वेळात मला माझं सगळं बालपण आठवलं. दीनानाथराव कडब्याच्या गंजीत गेले आणि बांबू शेजारच्या झुंबरबाईंच्या अंगणात, खाटांवर वाळत घातलेल्या कुरडयांवर गेला. चार घरांची वर्षाची बेगमी एका दणक्यात चुरा झाली. गंजी थोडा वेळ हालली आणि तिच्यातून एक डोकं वर आलं. तार अजून दातांत होती. ती त्यांनी सावकाश काढली, पुसली आणि मला म्हणाले, "'ओढा' म्हणलो होतो मी."

"मला 'सोडा' ऐकू आलं."

"कुठले तुमी?"

"मेहकरचा."

"तरीच. इंग्रजी मुलखातले." त्यांनी कानामागची कडब्याची काडी काढली. "चला, चहा घेऊ. मंग खांब परत उभा करू. ह्या वेळेस मी 'खेचा' म्हणतो."

ही आमची ओळख. ती पुढे वाढली, कारण मला त्यांच्याच घराची पुढची खोली भाड्याने मिळाली आणि झुंबरबाईंच्या कुरडयांचा दोष आम्हा दोघांना निम्मा निम्मा वाटून घ्यावा लागला.

दीनानाथराव जालना स्टेशनावर तारबाबू होते. मूळचे टेंभुर्णीचे. वीस वर्षं ते खिडकीमागे बसून कट्ट-कड्ड करत लोकांचे शब्द दूरदूरच्या गावांना पाठवत होते. मामा वारले, जल्दी निघा. सरकीचे दोन डबे पाठवले. मुलगा झाला. आपल्याकडे 'तार आली' म्हटलं की घरात आधी रडू सुरू होतं आणि मग तार वाचतात. ह्या माणसाने वीस वर्षं तसलं रडू सगळ्या मुलखात पोचवलं होतं. एकदा मी त्यांना विचारलं की हे असलं यंत्र गोठ्यात मांडायचं वेड तुमच्या डोक्यात आलं कुठून? ते एकदम गंभीर झाले.

"भालचंद्रराव, वीस वर्षं झाली, दुसऱ्याचे शब्द ठोकून राह्यलो. एक शब्द माझा न्हाई त्यात. मला एकडाव माझा सोताचा शब्द पाठवायचाय. तारेबिगर. ज्याला ऐकायचा त्यानं ऐकावा."

"कोणता शब्द?"

"ते तवा बघू," असं म्हणून त्यांनी गाईला पेंड घातली.

गाईला, कारण यंत्र गोठ्यात होतं आणि गोठा गाईचा होता. एका फळीवर त्यांनी स्वतःच्या हाताने जुळवलेला रेडिओ होता. मुंबईहून मागवलेल्या काचेच्या नळ्या, लोणच्याच्या बरणीवर गुंडाळलेली तार, शेजारी मोटारीची बॅटरी. पलीकडे गवताखाली झाकलेलं दुसरं यंत्र होतं, ते बोलण्याचं. ऐकायला कोणाची ना नव्हती, पण बोलायला हैदराबादच्या बिनतारी खात्याचा परवाना लागे. दीनानाथरावांनी तीन वर्षं अर्ज केले होते. आता उत्तर आलं होतं: खात्याचे इन्स्पेक्टर साहेब सत्तावीस एप्रिलला, जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजता जागेवर येतील. पाच ते सहा हैदराबादचं केंद्र चाचणीचे शब्द पाठवील. अर्जदाराने ते ऐकून बिनचूक उतरवून द्यायचे. उतरवले तर परवाना. नाहीतर परत अर्ज करायचा नाही.

वीस वर्षं कट्ट-कड्ड ऐकलेल्या माणसाला ही चाचणी म्हणजे माशाला पोहायची परीक्षा. दीनानाथरावांना यत्किंचितही काळजी नव्हती. काळजी सुरू झाली ती पाडव्यानंतर, खरखर सुरू झाली तेव्हा.

ती रोज पाचच्या सुमारास सुरू होई आणि सहाला पाच-दहा मिनिटं कमी असताना बंद होई. कानाला लावलेल्या टोप्यांत आधी हैदराबाद गोड बोलत असायचं, आणि एकदम कोणी कढईत मूठभर ओले दाणे टाकावेत तसं तडतडायला लागायचं. हैदराबाद बुडून जायचं. नेमकी परीक्षेचीच वेळ. फक्त शुक्रवारी खरखर नसे. पण शुक्रवार म्हणजे जुम्मा, सरकारी सुट्टी. ज्या दिवशी खरखर नसे त्या दिवशी सरकारही नसे.

"सापडते," दीनानाथराव म्हणाले. "बिलकुल सापडते. वीज म्हणजे काई भूत न्हाई. तिला घर असतंय, दार असतंय, मालक असतोय."

त्यांनी संशयितांची यादी केली. जालन्यात तेव्हा वीज असलेली ठिकाणं बोटांवर मोजण्यासारखी. रामकिसन शेठजींच्या कापसाच्या जिनिंगमध्ये डायनामो होता. दीनानाथराव शेठजींकडे गेले आणि अशा आत्मविश्वासाने म्हणाले, "उद्या पाच वाजून दहा मिनिटांनी पाच मिनिटं बंद ठेवा," की शेठजींना ते सरकारी फर्मान वाटलं आणि त्यांनी अख्खं जिनिंग बंद ठेवलं. खरखर चालूच. मग त्यांनी स्वतःच्या स्टेशनावर संशय घेतला, आपल्या जोडीदाराला पाच मिनिटं तारेच्या बटणाला हात लावू दिला नाही. खरखर चालूच. मग गाईवर संशय घेतला. गाईला झुंबरबाईंच्या अंगणात बांधलं. गाईने उरलेल्या कुरडया खाल्ल्या. खरखर चालूच.

माझा ह्या सगळ्यात भाग असा की मी सहा वाजता चहाला येई. शाळा साडेचारला सुटायची. तिथून मी सरळ घरी का येत नव्हतो, हे मी कोणाला सांगत नव्हतो. ते पुढे येईल. सहाला मी गोठ्यात शिरलो की दीनानाथराव कानावरची टोपी काढत आणि म्हणत, "घ्या, आत्ताच थांबली."

रमाबाई चहा घेऊन येत. एक दिवस कपबशी ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "मी रोज बघून राह्यले. भालचंद्रभावजी आले की ती थांबती. भावजींचा पायगुण हाय."

"पायगुण!" दीनानाथराव म्हणाले. "लोकं हवेतून बोलून राह्यले, अन् तू पायगुण धरून बसलीस."

"मंग शुक्रवारी काहून नसती? शुक्रवारी भावजींना सुट्टी. भावजी दिवसभर घरात."

ह्यावर दीनानाथरावांनी टोप्या परत कानाला लावल्या. मला मात्र फार बरं वाटलं. मेहकरला माझ्या पायांचा कोणी गौरव केला नव्हता.

परीक्षेला चारच दिवस उरले असताना दीनानाथरावांनी शेवटचं हत्यार काढलं. एक लाकडी चौकट, पाटाएवढी, तिच्यावर तारेचे वेढे. ही फिरवली की खरखर कमीजास्त होते. चौकटीचं तोंड खरखरीकडे झालं की आवाज मरतो. म्हणजे जिथे अगदी शांत, तिकडे चोर. एका जागेवरून रेघ धरायची, दुसऱ्या जागेवरून रेघ धरायची, दोन्ही रेघा जिथे एकमेकींना कापतील तिथे जाऊन दार ठोठावायचं.

रविवारी आणि सोमवारी आम्ही हातगाडीवर रेडिओ, बॅटरी आणि चौकट ठेवून बाहेर पडलो. मी ढकलणार, ते ऐकणार. लोक गाडीमागे जमले. भाजीवाल्या साळूबाईंनी विचारलं, "बाबू, जमिनीतलं धन शोधून राह्यले का?"

"न्हाई साळूबाई, खरखर."

"ते तर माझ्या सासूच्या छातीत हाय. या, दाखवते."

दोन्ही दिवस आम्ही सहा वाजेपर्यंत जुनं जालनं पालथं घातलं. दाणेबाजार, कापडबाजार, स्टेशनचा रस्ता. खरखर नाही म्हणजे नाही. हैदराबाद इतकं स्वच्छ ऐकू येत होतं की शेजारच्या बोळात कोणी बोलतंय असं वाटावं. सोमवारी घरी परतल्यावर दीनानाथरावांनी आपली वही उघडली. तिच्यात महिनाभराच्या नोंदी होत्या, तारबाबूच्या कोरड्या भाषेत. 'सहाला सात कमी, बंद. भालचंद्र आला.' 'सहाला पाच कमी, बंद. भालचंद्र आला.' 'जुम्मा. नाही. भालचंद्र घरी.' 'रविवार. भालचंद्र बरोबर. नाही.' त्यांनी त्या नोंदींवरून बोट फिरवलं. मग त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

रमाबाई दारातून म्हणाल्या, "जुम्मेरातीला भावजींना गोठ्यात बसवा. झालं काम."

"अन् सरकारला काय लिहून देऊ? यंत्र एक, खांब एक, बॅटरी एक, भावजी एक?"

"द्या की. भावजी काई खात्याच्या बापाचे न्हाईत."

"रमे, उद्या मी बोलायला बसलो अन् भावजी मेहकरला गेले, तर?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भालचंद्रराव, हिचं खरं असू द्या न्हाईतर खोटं. तुमी संगं असले की खरखर लपती. लपलेली सापडत न्हाई. उद्या तुमी येऊ नका. रोज जिथं जाता तिथं जा. मी एकटा निघतो."

मी खाली मान घातली. इतकं हुशार वाक्य ते बोलून गेले आणि त्यातला अर्थ आम्हा दोघांपैकी एकालाही कळला नाही. मी मुलांना रोज 'संबंध ओळखा' शिकवत होतो. वाक्यातल्या शब्दांचे सगळे संबंध मला ओळखू येत. त्याच्या बाहेर माझी नजर जात नसे.

आता मी रोज पाच वाजता कुठे जात होतो ते सांगणं भाग आहे.

माझं वय सत्तावीस होतं आणि टाळू पन्नाशीची होती. मे महिन्यात अंबडला मुलगी पाहायला जायचं ठरलं होतं. दाणेबाजारामागच्या बोळात कचरूमामांचं केस कापायचं दुकान होतं. कचरूमामा दोन वर्षं मुंबईत राहून आले होते आणि येताना त्यांनी एक पेटी आणली होती. पेटीत बॅटरी, एक भिरभिरणारं वेटोळं आणि काचेचा कंगवा. बटण दाबलं की कंगव्यात जांभळा उजेड पेटे आणि तो डोक्यावरून फिरवला की बारीक ठिणग्या टाळूवर चावत. 'विजेचा कंगवा. चाळीस बैठका. केस परत.' अशी पाटीच होती. जालन्यातल्या इतर टकल्यांनी सुरुवातीला हजेरी लावली, मग अक्कल आली. आता एकटा मी उरलो होतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलं होतं. खंड पडता कामा नये, ही अट. फक्त शुक्रवारी नाही, कारण जुम्म्याला कचेरीवाल्यांच्या दाढ्यांची गर्दी असे आणि मामांना पेटी उघडायला सवड नसे. रविवार-सोमवार दीनानाथरावांबरोबर गाडी ढकलायची होती म्हणून मी सकाळीच, शाळेआधी, टाळू देऊन आलो होतो. त्या वेळी दीनानाथराव स्टेशनावर असत.

मंगळवारी, तिसाव्या बैठकीला, मी खुर्चीवर बसलो. कचरूमामांनी पडदा ओढला, गळ्याभोवती कापड बांधलं आणि बटण दाबलं. टोपीखालचं माझं गुपित जांभळं झालं.

"मास्तर, आज कानामागं काई तरी उगवून राह्यलंय," मामा म्हणाले.

"खरंच?"

"थांबा. न्हाई. मुंगी हाय."

अर्धा तास झाला असेल. बाहेर हातगाडीच्या चाकाचा आवाज आला. मला तो ओळखीचा वाटला. दोन दिवस ते चाक मीच ढकललं होतं. साळूबाईंचा आवाज आला, "बाबू, इकडं तर न्हाव्याचं दुकान हाय." गाडी थांबली. चौकट फिरल्याची करकर झाली. मग पडदा बाजूला झाला.

दारात दीनानाथराव उभे होते. कानांवर टोप्या, हातात चौकट आणि चौकटीचं तोंड सरळ माझ्या डोक्याकडे. त्यांच्यामागे साळूबाई, त्यांच्यामागे अर्धा दाणेबाजार. माझी टोपी खुंटीवर होती. इतक्या लोकांनी माझी टाळू तोवर कधी पाहिली नव्हती, आणि जांभळ्या उजेडात तर कोणाचीच पाहिली नसेल.

दीनानाथरावांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. चौकट जरा वळवून ते कचरूमामांना म्हणाले, "बंद करा."

मामांनी बंद केलं.

"सुरू करा."

सुरू केलं.

"बंद. सुरू. बंद." त्यांचा चेहरा उजळत चालला. मी महिन्यातून एकदा आईचं पत्र आल्यावर खूश होतो तेवढे ते दर 'सुरू'ला खूश होत होते. शेवटी त्यांनी कानावरच्या टोप्या काढून मामांना घातल्या. "ऐका. हे मास्तर वाजून राह्यले."

मामांनी ऐकलं. "अरे बाप रे," ते म्हणाले, आणि माझ्याकडे नव्या आदराने पाहू लागले.

मग मामा बाजूला झाले आणि दीनानाथरावांनी स्वतः बटणावर बोट ठेवलं. सवयीचं बोट ते. आपोआप चालू लागलं. लांब. छोटं. लांब, लांब. माझ्या टाळूवर ठिणग्या थोड्या थोड्या वेळाने चावू लागल्या, मुंग्यांनी रांग सोडून लेझीम धरावी तशा.

"काय लिहिताय माझ्यावर?" मी ओरडलो.

त्यांचं बोट थांबलं. ते थोडे लाजले. "टेंभुर्णी," ते म्हणाले. मग एकदम भानावर आले, बटणावरून बोट उचललं आणि इकडे-तिकडे पाहिलं. "परवान्याबिगर झालं हे. कोणाला बोलू नका."

साळूबाई मागून म्हणाल्या, "आमाला काय कळलंच न्हाई तर काय बोलणार?"

घरी आल्यावर रमाबाईंनी सगळी हकीकत शांतपणे ऐकली. "म्हणजे मी बराबर होते," त्या म्हणाल्या. "गुण भावजींचाच होता. पायाचा न्हाई, डोक्याचा. एवढाच फरक."

कचरूमामांनी गुरुवारी संध्याकाळी पेटी उघडायची नाही असं कबूल केलं. मला बजावलं, "मास्तर, खंड पडला तर चाळिसा परत पहिल्यापासून." मी म्हटलं, एक दिवसाचा तर प्रश्न आहे, सकाळी येऊन जाईन.

गुरुवारी पाच वाजता इन्स्पेक्टर साहेब आले. धिप्पाड, गोरेपान, डोक्यावर तांबडी रुमी टोपी. गोठ्यात त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. गाईने ती आधी हुंगून पाहिली होती. साहेबांनी एक जोड कानाला लावली, एक दीनानाथरावांनी. हैदराबाद सुरू झालं. दीनानाथरावांची पेन्सिल अशी चालत होती की जणू शब्द त्यांना आधीच ठाऊक होते आणि हैदराबादच त्यांचं ऐकून पाठवत होतं. एक अक्षर चुकलं नाही. उलट मधे एकदा ते हसले आणि म्हणाले, "तिकडला बाबू नवा हाय. बोट थकलं त्याचं." साहेबही हसले.

सहा वाजता साहेबांनी टोप्या उतरवल्या, कागद पाहिला आणि म्हणाले, "माशाअल्ला. एकदम बराबर." मग त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला. त्यात एक रकाना होता: जागेवर विजेचा अडथळा आहे काय, असल्यास कोठून?

हा रकाना रिकामा सोडता आला असता. मी डोळ्यांनी तसं सुचवलंही. दीनानाथराव ते डोळे पाहून न पाहिल्यासारखे करत म्हणाले, "होता, साहेब. मी धरला." आणि त्यांनी लिहिलं: 'विजेचा कंगवा, दाणेबाजारामागे. केस उगवण्यासाठी. वापरणारा इसम एक.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. कचरूमामांना बोलावणं गेलं. मामा पेटी काखेला मारूनच आले. साहेब म्हणाले, "कायदा साफ है. अडथळा चालू रहा तो परवाना नै. मगर ये इलाज की चीज है तो मैं बंद नै करवा सकता. दवाखाने की मशीन में हम दखल नै देते. बोलो, इलाज की चीज है?"

कचरूमामा धंद्याचा माणूस. "इलाजकीच है साहेब! बाल येते है! गॅरंटी!"

दीनानाथरावांचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच. खांबावरून पडतानाही तो उतरला नव्हता. वीस वर्षं आणि तीन वर्षांचे अर्ज एका कंगव्यावर येऊन टेकले होते. साहेबांनी हळूच रुमी टोपीखाली बोट घालून कपाळ खाजवलं. ते बोट टोपीखाली जितकं आत गेलं तितकं आत कुठेही काही अडलं नाही, हे मी पाहिलं. साहेबांनी आवाज खाली आणला. "सच्ची? असर होता है?"

मामा माझ्याकडे पाहू लागले. दीनानाथराव जमिनीकडे पाहत होते. रमाबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. माझ्या आठ बैठका उरल्या होत्या आणि अंबडला जायला पंधरा दिवस होते. त्या आठ बैठकांतच सगळं उगवणार होतं, असं मला अजून वाटत होतं.

मी टोपी काढली.

साहेब उठून जवळ आले. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, मावळतीच्या उन्हात धरून पाहिलं. "कितने दिन?"

"बत्तीस बैठका," मी म्हणालो.

"अफसोस," साहेब म्हणाले, आणि खाली बसून फॉर्मवर लिहिलं: 'इलाज नाही. कंगवा बंद करावा. जागा साफ. शिफारस.'

कचरूमामांनी मला पुढे दोन महिने दाढीला उभं केलं नाही. अंगणातून सगळं पाहिलेल्या झुंबरबाईंनी मात्र त्या दिवशी कुरडयांचा गुन्हा माफ केला. अंबडच्या शरयूने मला टोपीसकट पसंत केलं आणि लग्नानंतर टोपीबद्दल एक शब्दही बोलली नाही. तिला आधीच सगळं ठाऊक होतं, कारण साळूबाईंची बहीण अंबडच्या बाजारात बसते.

साहेबांच्या शिफारशीनंतरचे चार महिने दीनानाथराव राजासारखे वावरत होते. बोलायच्या यंत्रावरचं गवत काढलं, बरणीवरची तार नव्याने गुंडाळली, खांबाला चौथा बांबू जोडला. दोर धरायला मला बोलावलं नाही. रोज संध्याकाळी ते बटणावर बोट ठेवून सराव करत, बॅटरी न जोडता. मी विचारलं, पहिला शब्द कोणता? ते म्हणाले, "टेंभुर्णी तर झालं की मास्तर. आता दुसरा शोधून राह्यलो."

परवाना आला अठ्ठावीस ऑगस्टला. त्या आठवड्यात बॅटरी भरायला पाठवली होती, ती यायला सहा दिवस लागणार होते. तीन सप्टेंबरला युद्ध सुरू झालं. त्याच आठवड्यात खाजगी परवाने रद्द झाल्याचा हुकूम आला आणि दोन शिपायांनी बोलायचं यंत्र चौकीत नेऊन जमा केलं. पावती मिळाली. यंत्र परत मिळालं नाही. त्यांचा स्वतःचा शब्द हवेत गेला तो एकच, माझ्या टाळूवरून.